धातूतले रक्त

शनिवार पेठेत जन्म काढलेल्या माणसाला मूळव्याधीची लाज वाटत नाही. ओट्यावर बसून चारचौघांत तो तिचे साद्यंत वर्णन करील, वर औषधही सुचवील. पण तीन वर्षांपूर्वी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, मला वीर्यात रक्त दिसले आणि सतरा दिवस मी घरात चकार शब्द काढला नाही. दुखत नव्हते, ताप नव्हता; आधी तांबूस, पुढे विटकरी होत गेलेला रंग, एवढेच. जन्मभर इतिहास शिकविलेल्या मास्तराने अशा वेळी जे करावे तेच मी केले. डॉक्टरकडे न जाता ग्रंथ काढून बसलो.

चरकाने चिकित्सास्थानात शुक्राचे आठ दोष सांगितले आहेत. त्यांतला एक ‘अन्यधातूपसंसृष्ट’, म्हणजे दुसऱ्या धातूची भेसळ झालेले. ही भेसळ बहुधा रक्ताची, आणि कारणे तीन : अतिसंग, आघात आणि क्षत. सुश्रुत तर रक्ताने बिघडलेल्या शुक्राला ‘कुणपगंधी’, प्रेताच्या वासाचे, म्हणून मोकळा होतो. अतिसंगाचा आरोप चौसष्टाव्या वर्षी ऐकून खरे म्हणजे बरे वाटायला हवे होते!

पण मला छळत होते ते दुसरेच. चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब धातू, हे आम्ही शाळकरी वयात कुजबुजत ऐकलेले. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शेवटी शुक्र, या जुन्या चढणीचे ते बाजारू गणित. त्या हिशेबाने रक्त दिसणे म्हणजे कच्चाच माल बाहेर पडणे, गिरणी मोडणे. धातू जातो या धास्तीने खंगणाऱ्यांच्या दुखण्याला डॉ. विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. धास्ती त्याहून फार जुनी.

या गणिताशी एका गणितज्ञानेच उभा दावा मांडला होता. माझ्या घरापासून रमणबाग हाकेच्या अंतरावर. न्यू इंग्लिश स्कूलचे नाव तिथे आजही आहे. त्याच संस्थेचे विद्यार्थी र. धों. कर्वे १८९९ साली मॅट्रिकला पहिले आले. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सुटली, आणि जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले. घरात, वैद्याजवळ, मित्राजवळ जे बोलता येत नसे ते लोक त्यांना पत्राने विचारीत आणि ते छापून उत्तर देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक शिक्षणाला वाहिलेल्या मासिकाने वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तर द्यायचे नाही, तर ते बंदच करावे काय, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. तो मान्य झाला नाही. दोनशे रुपये दंड झाला. वडिलांना १९५८ साली भारतरत्न मिळाले. मुलाच्या वाट्याला दंडच आले. १९५३ साली तो वारला, आणि मासिकही त्याच वर्षी संपले.

अठराव्या दिवशी मी पत्नीला सांगितले. ती म्हणाली, “अहो, हे कर्व्यांना विचारणार आहात की डॉक्टरांना?”

पहिल्या डॉक्टरांनी ‘वय झाले’ म्हणून हसण्यावारी नेले. दुसऱ्यांनी कागदावर आकृती काढली. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशयात आणि प्रोस्टेटमध्ये तयार होतो. तिथली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली की रक्त मिसळते. तरुणपणी बहुधा जंतुसंसर्ग, आणि पुष्कळदा ते आपोआप थांबते. चाळिशीनंतर मात्र, विशेषतः पुनःपुन्हा दिसले, तर प्रोस्टेट बोटाने आणि रक्ताच्या पीएसए चाचणीने पाहावी लागते. कर्करोग क्वचितच निघतो, पण निघतो. चढलेला रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, खडे, आपल्याकडे क्षयही. आणि चरकाचे ‘क्षत’? प्रोस्टेटचा तुकडा तपासायला सुई घातली की रक्त कित्येक आठवडे दिसते. उतारवयातले हे अगदी नेहमीचे कारण.

माझा रक्तदाब चढलेला निघाला. बाकी काही नाही. दीड महिन्यात रंग निवळला.

परवा ओंकारेश्वराच्या पायऱ्यांवर एक जुने स्नेही भेटले. बराच वेळ नदीकडे पाहत बसले, मग म्हणाले, “आमच्या एका ओळखीच्यांना, हं, वीर्यातून…” मी नाव विचारले नाही. डॉक्टरांची वेळ सांगितली, आणि सोबत येतो म्हणालो.