मध्यस्थाविना पैसा : एका प्रश्नाचा इतिहास

१/ नाणे एकदा हातातून गेले की तेच पुन्हा खर्च करता येत नाही. संगणकातील आकड्यांची मात्र क्षणात नक्कल होते. तोच पैसा दोनदा खर्च होऊ नये म्हणून हिशेब राखणारा मध्यस्थ लागतो. तो टाळता येईल का, या प्रश्नातून डिजिटल चलनाचा इतिहास घडला.

२/ अमेरिकी संगणकतज्ज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८३ साली 'अंध स्वाक्षरी'ची पद्धत मांडली. तीत बँक पैशाच्या खरेपणाची ग्वाही देई. तो कोणी खर्च केला, हे मात्र तिला कळत नसे. १९८९ मध्ये त्यांनी 'डिजिकॅश' ही कंपनी काढली. परंतु हिशेब बँकेकडेच राहिला आणि १९९८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

३/ ३१ ऑक्टोबर २००८. जगभरच्या बँका डळमळत असताना 'सातोशी नाकामोतो' या टोपणनावाने नऊ पानांचा आराखडा प्रसिद्ध झाला. बिटकॉइनची खातेवही सर्व सहभागी संगणकांवर राहणार होती. नवे पान जोडण्यासाठी संगणकांना प्रचंड आकडेमोड करावी लागे. जुनी नोंद बदलायची तर ते सारे श्रम पुन्हा करणे भाग होते.

४/ ३ जानेवारी २००९ रोजी पहिले पान लिहिले गेले. १२ जानेवारीला हॅल फिनी यांना १० बिटकॉइन मिळाले. मध्ये बँक नव्हती. जुना प्रश्न सुटला होता.

५/ पण बँकेत खातेच नसलेल्या माणसाचे काय? केनियात मार्च २००७ मध्येच 'एम-पेसा' सुरू झाले होते. गल्लीतल्या दुकानदाराकडे रोकड द्यायची आणि साध्या फोनवरून ती गावी धाडायची. खातेवही कंपनीच्याच ताब्यात होती. तरीही लाखो लोक या व्यवहारात आले.

६/ ७ सप्टेंबर २०२१ रोजी एल साल्वादोरने बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला. असे करणारा तो जगातील पहिला देश. बँकेबाहेरच्या नागरिकांना सामावून घेणे, हा त्यामागचा घोषित हेतू. सरकारी 'चिवो' ॲप घेणाऱ्यास ३० डॉलरचे बिटकॉइन मिळत.

७/ अर्थतज्ज्ञांच्या सर्वेक्षणात आढळले की ते ३० डॉलर संपताच बहुतेकांनी ॲप वापरणे सोडले. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरला पोहोचलेला बिटकॉइन वर्षभरात १७ हजारांखाली आला. रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला असा पैसा परवडणारा नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून त्याची सक्ती उठवण्यात आली.

८/ बिटकॉइनच्या आज्ञावलीने खातेवहीवरील विश्वासाचा प्रश्न सोडवला. गरिबाची अडचण मात्र वेगळी होती : हातातली रोकड सुरक्षित कुठे द्यावी आणि उद्या तिचे मोल तेवढेच राहील का? केनियात त्याचे उत्तर ओळखीच्या दुकानदाराने दिले.