२५० शब्द, १२ फोटो

आजीचे फोटो आमच्याकडे ढीगभर आहेत, आवाज मात्र कुठेच नाही. म्हणून ही गोष्ट.

१९९३ साली लॉस एंजेलिसच्या अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये डेना ॲचली यांनी नवख्या लोकांना स्वतःच्या आयुष्यावर छोटे व्हिडिओ करायला शिकवलं. जो लॅम्बर्ट मदतीला होते. पुढे त्यांनी हेच काम आयुष्यभर केलं. तिकडून ही कल्पना डॅनियल मेडोज यांनी वेल्समध्ये नेली. बीबीसीचा 'कॅप्चर वेल्स' उपक्रम २००१ ते २००८ चालला. मेडोज यांचा हिशोब सोपा: साधारण २५० शब्द, डझनभर फोटो, २ मिनिटं. शूटिंग जवळजवळ नाहीच, घरातले जुने फोटो आणि स्वतःचा आवाज. आधी सगळ्यांनी गोल करून बसायचं, एकमेकांना गोष्ट सांगायची, कॉम्प्युटर नंतर. आम्ही सॉफ्टवेअरवाले बरोब्बर उलटं करतो, पहिल्याच तासाला मेनू दाखवतो!

आत्याला अजून सगळं आठवतं. रविवारी अल्बम आणि माईक घेऊन जातोय.