बर्फावरचा तंबू आणि वारा

गोठलेल्या सरोवराला भोक पाडून त्यातून मासे धरण्याची चाल कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग, फिनलंड, रशिया इत्यादी थंड मुलखांत फार जुनी आहे. भोकाशेजारी तासन्‌तास बसावयाचे म्हणजे डोक्यावर काही आसरा हवा. म्हणून मासे धरणारा बरोबर कापडाचे लहानसे खोपट नेतो आणि दिवस मावळला की ते गुंडाळून घरी आणतो. या खोपटाचा खरा वैरी थंडी नव्हे, वारा होय. मातीत मेख ठोकली म्हणजे तंबूची चिंता मिटते. परंतु कठीण बर्फात मेख शिरत नाही आणि भुसभुशीत हिमात ती टिकत नाही. याकरिता आजच्या खोपटाला तळाशी कापडाची रुंद झालर ठेवतात, तिच्यावर हिमाचा ढीग रचून तो दाबतात आणि ताणाच्या दोऱ्या बर्फात पिळून बसविलेल्या मळसूत्री खिळ्यांना बांधतात. ही खबरदारी पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. तिचे मोल केवढे आहे, हे दक्षिण ध्रुवाकडील एका प्रवासात तिघा माणसांना कळून आले.

कॅप्टन स्कॉट यांच्या 1910 ते 1913 च्या मोहिमेचे ठाणे रॉस बेटावर केप इव्हान्स येथे होते. तेथून 27 जून 1911 रोजी, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, तिघेजण केप क्रोझियरकडे निघाले. डॉ. एडवर्ड विल्सन हे प्राणिशास्त्रज्ञ त्यांचे पुढारी होते. दुसरा हेन्री बॉवर्स. तो रॉयल इंडियन मरीनमधील अधिकारी. त्या दलाचे मुख्य ठाणे मुंबईच्या गोदीत असे. तिसरा ॲप्सली चेरी-गॅरार्ड हा पंचवीस वर्षांचा तरुण. सम्राट पेंग्विन पक्षी भर हिवाळ्यात अंडी घालतो. त्या अंड्यांतील गर्भावरून पक्ष्यांच्या कुळाचा उगम उलगडेल, अशी त्या काळच्या शास्त्रज्ञांची आशा होती. सदुसष्ट मैलांची वाट, दिवसाही काळोख, आणि पारा एकदा फॅरनहाइट मापाने शून्याखाली साडेसत्त्याहत्तर अंशांवर उतरलेला! एवढे अंतर कापावयास त्यांना एकोणीस दिवस लागले.

क्रोझियरच्या एका टेकडीच्या माथ्याखाली, वाऱ्याच्या आडोशाची जागा पाहून, त्यांनी दगडांच्या भिंती रचल्या. एक स्लेजगाडी आढ्यासारखी आडवी टाकून तिच्यावर जाड किंतानाचे छप्पर घातले आणि त्याच्या कडा दगडांखाली दाबल्या. बांबूंच्या काठ्यांचा आपला तंबू त्यांनी या झोपडीच्या दाराशी उभारला आणि त्याच्या झालरीवर हिमाचे मोठे ओझे घातले. पेंग्विनांची पाच अंडी मिळाली. पैकी दोन वाटेत फुटली, तीन उरली. काम झाले, निवारा झाला, असे वाटत असतानाच 22 जुलैच्या पहाटे वादळ उठले. बॉवर्सने बाहेर डोकावून पाहिले तो तंबू नाहीसा झालेला! त्या अंधारात तंबू गेला म्हणजे परतीचा प्रवासच गेला, हे तिघांनाही सांगावे लागले नाही.

नवल असे की, तंबूतले बहुतेक सामान होते तेथेच पडलेले होते. यात वाऱ्याच्या स्वभावाचे मर्म आहे. वारा वस्तूला ढकलतो एवढेच सामान्य माणसाच्या मनात असते. वस्तुतः तो तिला उचलतोही. वादळात कोकणातील घराची कौले आत कोसळत नाहीत, वर उडतात. अडथळ्यावरून जाताना वाऱ्याचा वेग वाढतो, वरच्या हवेचा दाब घटतो आणि खालची हवा छपराला वर रेटू लागते. त्यात वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. टेकडीचा माथा व झोपडीची भिंत यांच्या पाठीमागची जागा शांत वाटली, तरी झंझावातात तेथेच हवेचे ओढून नेणारे भोवरे उठतात. आसरा म्हणून निवडलेला आडोसाच येथे वैरी ठरला.

झोपडीच्या छपराची गतही निराळी झाली नाही. कारण मात्र निराळे होते. कडांवरचे दगड जागचे हलले नाहीत. परंतु मधले किंतान पुरेसे ताणलेले नव्हते. ते एकसारखे वर ओढले जाई, पुन्हा आपटे. अखेरीस 23 जुलैला, विल्सन यांच्या वाढदिवशीच, त्याच्या चिंध्या झाल्या. पडून राहण्याच्या पिशव्यांत शिरून, अंगावर हिम साचू देऊन, तिघांनी वादळ सोसले. मधूनमधून ते भजने म्हणत आणि एकमेकांना हाका मारून जिवंत असल्याची खात्री करून घेत.

वारा थोडा ओसरल्यावर बॉवर्सला सुमारे अर्ध्या मैलावर, उताराच्या तळाशी, तंबू सापडला. तो मिटलेल्या छत्रीसारखा पडला होता. उडताना त्याच्या काठ्या एकत्र मिटल्या होत्या आणि कापडावर साचलेल्या बर्फाने तो जड झाला होता. म्हणूनच तो फाटला नाही. उघडा राहता तर त्याचा एक तुकडाही हाती लागता ना. परतीच्या वाटेवर बॉवर्सने तंबूची दोरी स्वतःच्या अंगाला बांधून घेतली. तंबू गेलाच तर आपणही त्याच्याबरोबर जाऊ, असे तो म्हणे. थट्टेसारखे वाटणारे हे बोल ज्याने घर उडालेले पाहिले त्याचे होते. 1 ऑगस्टला तिघे ठाण्यावर परतले. ती तीन अंडी 1913 साली लंडनच्या संग्रहालयात पोचली आणि चेरी-गॅरार्डने 1922 साली या प्रवासाचा ग्रंथ लिहिला.

या कथेचा शेवट तंबूपाशीच होतो. विल्सन व बॉवर्स पुढे स्कॉटबरोबर ध्रुवावर गेले आणि परत येताना मार्च 1912 मध्ये वादळाने त्यांना अन्नाच्या कोठारापासून अकरा मैलांवर अडकवून ठेवले. 12 नोव्हेंबर 1912 रोजी शोधास निघालेल्या तुकडीला, जिच्यात चेरी-गॅरार्डही होता, हिमात अर्धवट बुडालेला त्यांचा तंबू दिसला. सारा हिवाळा त्याच्यावरून गेला होता. तरी तो ताठ उभा होता. आत तिघांची प्रेते होती. शोधकांनी काठ्या काढून घेतल्या, कापड मृतांवर पडू दिले आणि वर हिमाचा चौथरा रचला.

क्रोझियरला जो तंबू वाऱ्याने सहज उचलून नेला, तसाच तंबू या दोघांनी शक्ती संपत आली असतानाही इतका पक्का रोवला की वाऱ्याला तो हलविता आला नाही. तंबूने आपले काम चोख केले होते. परंतु निवारा माणसाला वाट पाहण्याचा अवसर देतो. त्या अवसरात अन्न व सरपण पोचले नाही, तर उत्तम बांधलेला तंबूही निरुपाय ठरतो. बर्फावर झालरीवर हिम रचणाऱ्याने वाऱ्याचा हिशोब करावाच. पण तो किती दिवस वाहील, याचाही हिशोब सोडू नये.