सिद्धगडाची टाकी

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाचा इतिहास तटबंदीपेक्षा कातळात खोदलेल्या टाक्यांत शोधायला हवा, असे मला वाटते. कारण शरीराचे आहे. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात; त्यातले ग्लुकोज निरोगी माणसात जवळजवळ सगळे रक्तात परतते, युरिया मात्र बऱ्याच अंशी बाहेर टाकावाच लागतो, आणि त्यासाठी पाणी लागते. कोणी म्हणेल, तहानलेले शरीर लघवी घट्ट करून पाणी वाचवतेच की! वाचवते, आणि त्या कामी मूत्रपिंडाच्या गाभ्यात साठलेला युरियाच मदत करतो. तरी रोज अर्धा लिटरभर पाणी जातेच. घाम वेगळा. कोठारातल्या धान्यावर शिबंदी महिने काढील; टाकी आटली की गड संपला.

याच सिद्धगडाच्या रानात 2 जानेवारी 1943 रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांना वंदन करायला येणाऱ्यांनी गडावरची टाकीही पाहावीत, आणि स्वच्छ ठेवावीत.