आवडीनंतर दार कोणी लावलं?

जानेवारी १९५५ मध्ये मद्रासजवळच्या आवडीला काँग्रेसचं साठावं अधिवेशन भरलं. अध्यक्ष उच्छंगराय ढेबर, प्रांताचे मुख्यमंत्री कामराज. नियोजनाचं उद्दिष्ट समाजवादी धर्तीची समाजरचना हे राहील, उत्पादनाची मुख्य साधनं समाजाच्या मालकीची किंवा नियंत्रणातली असतील, राष्ट्रीय संपत्तीची न्याय्य वाटणी होईल, असा ठराव तिथे झाला. नाशिकच्या परिषदेत १९४८ साली काँग्रेस सोडताना समाजवाद्यांनी जो विचार आपल्यासोबत नेला होता, त्याचीच भाषा आता सत्ताधारी पक्ष बोलू लागला.

यावर समाजवाद्यांचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. अशोक मेहतांनी ठरावाचं स्वागत केलं. मधु लिमयांनी त्यांच्यावर उघड टीका केली. प्रजा समाजवादी पक्षाच्या मुंबई शाखेने लिमयांना निलंबित केलं, लोहिया लिमयांच्या मागे उभे राहिले, त्यांच्यावरही कारवाई झाली, आणि वर्ष संपता संपता हैदराबादला वेगळा समाजवादी पक्ष उभा राहिला.

महाराष्ट्रातल्या समाजवादी घरांत ही हकीकत आजही एकाच सुरात सांगितली जाते. आवडी हा सापळा होता, काँग्रेसने आपले शब्द पळवले, आणि जे त्या शब्दांना भुलले ते पुढे मंत्री झाले. त्यातून निघणारा सिद्धान्त असा की, प्रतिपक्षातून येणाऱ्या माणसाला किंवा विचाराला दारातच थांबवावं. गेल्या काही वर्षांतले पक्षप्रवेशाचे सोहळे, विमानाने परराज्यातल्या हॉटेलांत नेलेले आमदार, रातोरात बदललेली उपरणी बघून आता इतरही बहुसंख्य लोक याच मताला आले आहेत. मला हे मत मान्य नाही. ते चळवळीच्या मुळावर येतं असं मी मानतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो कच्चा नाही. त्यातला पहिला मुद्दा कार्यकर्त्याचा. वीस वर्षं भिंती रंगवल्या, केसेस अंगावर घेतल्या, आणि तिकीट मात्र काल आलेल्याला. आम्ही काय फक्त सतरंज्याच उचलायच्या? दुसरा मुद्दा संशयाचा. सत्तेच्या दिशेने होणाऱ्या मतपरिवर्तनाला मतपरिवर्तन म्हणायचं कशाला? तिसरा सर्वांत वजनदार. येणारा एकटा येत नाही, आपली जुनी निष्ठा आणि जुनी संघटना सोबत घेऊन येतो. जनता पक्षात दुहेरी सदस्यत्वाचा, म्हणजे जुन्या संघटनेचं सदस्यत्व ठेवून पक्षात राहण्याचा, प्रश्न मधु लिमयांनी लावून धरला, तो याच भीतीपोटी; आणि ती भीती खोटी नव्हती.

हे तिन्ही मुद्दे मी खरे धरतो. पण त्यांतून दार बंद करण्याचा निष्कर्ष निघत नाही. पुण्याचंच उदाहरण घ्या.

शुक्रवार पेठेतलं जेधे मॅन्शन हे १९२० च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीचं ठाणं होतं. केशवराव जेधे तिथले तरुण पुढारी. महात्मा फुल्यांचा पुतळा उभारावा म्हणून नगरपालिकेत भांडलेले. १९२५ साली दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ निघालं, त्याचे प्रकाशक जेधे. टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर त्यात अशी जहाल टीका होती की खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली, आणि अपिलात बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडल्यावर आरोपी सुटले. पुण्याची काँग्रेस म्हणजे त्या वेळी टिळकांना दैवत मानणाऱ्यांची काँग्रेस. आणि त्याच काँग्रेसमधल्या काकासाहेब गाडगीळांनी १९३० च्या कायदेभंगाच्या सुमारास या जेध्यांना जवळ केलं.

गाडगीळांच्या जागी आजचा एखादा निष्ठावंत असता तर त्याने काय केलं असतं? ‘देशाचे दुश्मन’ची प्रत काढून दाखवली असती, आधी माफी मागा म्हणाला असता. गाडगीळांनी ते केलं नाही. जेध्यांनी फुले सोडावेत, अशी अट त्यांच्या येण्यावर नव्हती. आणि ते सोडून ते आलेही नाहीत. त्यांच्यासोबत गावोगावचा शेतकरी तरुण काँग्रेसकडे वळला. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला, म्हणजे प्रथमच एका खेड्यात, काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांचा कार्यक्रम मंजूर झाला. त्याचं सारं श्रेय जेध्यांना देणं अन्यायाचं होईल, पण पेठांमध्ये अडकलेली महाराष्ट्राची काँग्रेस वाड्यावस्त्यांवर पोचली, ती गाडगीळ आणि जेधे या जोडीमुळे. काही वर्षं काम केल्यावर जेधे प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षही झाले. आलेला माणूस बदलला तसा पक्षही बदलला, आणि स्वागताची खरी कसोटी मला इथे दिसते.

कोणी म्हणेल, हेच जेधे पुढे शेतकरी कामगार पक्षात गेले, १९५४ साली परत आले, आणि १९५६ च्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन करण्यात पुढे होते; अशा माणसाचा भरवसा काय? माझं उत्तर असं की, त्यांच्या प्रत्येक जाण्यामागे प्रश्न बघा, खुर्ची बघू नका. शेतकऱ्याच्या प्रश्नावर ते बाहेर पडले, आणि समितीच्या वेळी मुंबईच्या प्रश्नावर सत्ताधाऱ्यांच्या विरोधात उभे राहिले. सोय बघणारा माणूस असा उलट्या दिशेने चालत नाही.

आता पुन्हा आवडी. कामराज त्या वेळी मुख्यमंत्री होऊन वर्षही झालं नव्हतं. नेतेपदासाठी आपल्याविरुद्ध उभे राहिलेले सी. सुब्रमण्यम त्यांनी मंत्रिमंडळात घेतले होते, आणि १९५२ ची निवडणूक काँग्रेसविरुद्ध लढवलेले रामसामी पडयाची यांनाही घेतलं होतं. यजमान प्रांत हे धडे गिरवत असताना समाजवाद्यांनी मात्र आपल्याकडे वळलेल्या विरोधकाचं काय करायचं यावर आपसांत डोकी फोडली.

ठराव नुसता देखावा होता, हे म्हणणं तपासून बघू. १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९ जानेवारी १९५६ ला वटहुकमाने आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला, अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. जयप्रकाशांनी १९५३ साली नेहरूंपुढे ठेवलेल्या चौदा कलमांत बँका आणि विम्याचं राष्ट्रीयीकरण होतंच. तेव्हा नेहरूंनी ते नाकारलं आणि दोन पक्षांतल्या सहकार्याची बोलणी फिसकटली. दोन-तीन वर्षांत त्यातलं निम्मंअर्धं ते आपण होऊन करत असताना ‘हे आमचं आहे, आता उरलेलं कधी करता?’ असा जाब विचारायला देशभर एकसंध पक्ष हवा होता. तो नव्हता. १९५२ मध्ये समाजवादी आणि किसान मजदूर प्रजा पक्ष मिळून मतं सोळा टक्क्यांवर होती. १९५७ मध्ये प्रजा समाजवादी पक्षाकडे दहाच्या आसपास उरली. ही घट आवडीच्या ठरावाने केली म्हणण्यापेक्षा, त्या ठरावावरून झालेल्या भांडणाने केली असं म्हणणं सत्याला धरून होईल.

आणि शुद्धतेचा आग्रह तरी कुठवर टिकला? बारा वर्षांनी, १ एप्रिल १९६७ ला चरणसिंग उत्तर प्रदेशात काँग्रेसमधून बाहेर पडले आणि ३ एप्रिलला, लोहियांच्या पक्षासह जनसंघापर्यंत सर्वांच्या पाठिंब्यावर, मुख्यमंत्री झाले. परवापर्यंत सत्ताधारी बाकांवर बसलेला माणूस थेट सर्वांत वरच्या खुर्चीवर. वर्षभरातच सरकार गेलं. ज्यांनी आवडीला दार लावलं त्यांनाही आलेल्या माणसांशिवाय काँग्रेस हटवता आली नाही. फक्त त्यांनी माणूस पारखण्याआधी पद दिलं.

माझा मुद्दा इथे आहे. येणाऱ्याला आत घ्यावं, पण सोबत खुर्ची देऊ नये. आपल्या राजकारणात अशा वेळी वाल्याचा वाल्मीकी झाला असं सांगण्याची पद्धत आहे. त्या कथेत वाल्याच्या अंगावर वारूळ चढेपर्यंत तो बसून होता, हे सांगणारे विसरतात. आलेल्याने काही वर्षं सतरंजीवर बसावं, मोर्चात चालावं, निवडणूक दुसऱ्याची लढवावी. असं झालं तर जुन्या कार्यकर्त्याची तक्रार उरत नाही, आणि लोभाने आलेला पहिल्या सहा महिन्यांत परत फिरतो. तिसऱ्या मुद्द्याचं उत्तरही यातच आहे: माणूस यावा, त्याची संघटना अखंड ठेवून गट येऊ नये. लिमयांचा दुहेरी सदस्यत्वाचा आग्रह त्या मर्यादेत योग्यच होता. १९५५ साली त्यांनी लावलेला नियम मात्र फार मोठा होता. आपल्या बाजूला सरकणारा प्रत्येक पाय त्या नियमाने खोटा ठरत होता.

जी चळवळ समाज बदलू निघते, तिला आज विरोधात असलेला माणूसच उद्या आपला करून घ्यायचा असतो. दुसरा समाज ती आणणार कुठून? आणीबाणीचा ठराव लोकसभेत मांडणारे जगजीवनराम २ फेब्रुवारी १९७७ ला काँग्रेसबाहेर आले, तेव्हा तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्यांनी तो ठराव त्यांच्या तोंडावर फेकला असता तर ते समजण्यासारखं होतं. त्यांनी तसं केलं नाही, आणि निवडणुकीचं वारं फिरायला त्याने मोठी मदत झाली.

अशोक मेहतांचं उरलेलं आयुष्य त्यांच्या टीकाकारांनी पुरतं वाचलं नाही. १९६३ साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, पक्षाने त्यांना काढलं, ते काँग्रेसमध्ये गेले, केंद्रात मंत्री झाले. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. १९६८ च्या ऑगस्टमध्ये रशियाने चेकोस्लोव्हाकियात फौजा घातल्या, भारत सरकारने त्याचा स्पष्ट निषेध केला नाही, म्हणून या माणसाने मंत्रिपदाचा राजीनामा दिला. परक्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी खुर्ची सोडणारे मंत्री आपल्याकडे किती झाले? पुढे ते संघटना काँग्रेसमध्ये राहिले, आणीबाणीत तुरुंगात गेले. लिमयेही तुरुंगात होते. आणि १९७७ मध्ये आवडीवरून वेगळे झालेले हे दोघे एकाच जनता पक्षात होते, मधली बावीस वर्षं समाजवादी चळवळीच्या हातून निघून गेल्यावर.