आधी रूळ, मग देश

आपल्याकडे मोठी शहरं आधी होती, आगगाडी नंतर आली. इथे केनियात नेमकं उलटं झालं! इंग्रजांना जायचं होतं युगांडाला; मधला मुलूख नुसता ओलांडायचा होता. १८९६ साली मोंबासाहून काम सुरू झालं. हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर आणले. त्यांतले जवळजवळ २,५०० दगावले. १८९९ साली घाटाआधी दलदलीत डेपो टाकला, तेच आजचं नैरोबी. १९०१ मध्ये रूळ व्हिक्टोरिया सरोवराला पोचले. पण गाडीला माल कुठला? म्हणून गोऱ्यांना बोलावून डोंगराळ भागातल्या सुपीक जमिनी दिल्या. किकुयू, मसाई लोक हुसकले गेले. १९५२ च्या माऊ माऊ उठावाचं एक मोठं कारण हीच जमीन. रेल्वेने देश घडवला हे खरंच, पण त्याची किंमत कुणी मोजली, तेही आपल्याला ठाऊक असावं.