तिखटजाळ आम्ही, गुळचट तुम्ही

पुण्यातल्या खान्देशी थाळीच्या जाहिराती हल्ली मोबाईलवर सारख्या येतात. लालभडक तर्री, वर बोटभर तेलाचा तवंग आणि खाली प्रश्न, झेपेल का? जसं काही जेवायला नाही, कुस्तीला बोलावलंय. आपली पोरंही ते अभिमानाने शेअर करतात. आणि आपण काय कमी आहोत? पुण्याचा पाहुणा आला की त्याच्या माघारी "आमटीत गूळ टाकणारी माणसं" म्हणून हसतोच. चेष्टा दोन्हीकडून आहे. पण तिच्यात आपलं एक नुकसान झालंय, म्हणून जरा मागे जाऊन बघू.

जेवणावरून शेजाऱ्याला हिणवण्यात इंग्रज आणि फ्रेंच यांचा हात कोणी धरू शकणार नाही. इंग्रज फ्रेंचांना बेडूक म्हणायचे, फ्रेंच इंग्रजांना 'रोसबिफ', म्हणजे भाजलेलं गोमांस खाणारे. १७४८ साली विल्यम होगार्थ हा इंग्रज चित्रकार फ्रान्सच्या कॅले बंदरात वेशीचं रेखाटन करत होता, तर हेर समजून त्याला पकडलं. सुटून घरी गेल्यावर त्याने चित्रातूनच सूड काढला. भलामोठा मांसाचा तुकडा नेणारा आचारी आणि त्याच्याकडे आशाळभूत नजरेने बघणारे फाटके फ्रेंच सैनिक. अगदी अलीकडे, २००५ च्या जुलैत, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक इंग्रजांच्या जेवणाबद्दल वाईट बोलल्याचं तिकडच्या वर्तमानपत्राने छापलं. ज्यांचं जेवण असं त्यांच्यावर भरवसा कसा ठेवायचा, याहून वाईट फक्त फिनलंडचं, अशा अर्थाचं. दोनच-तीन दिवसांनी २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी मतदान झालं. लंडन ५४, पॅरिस ५०. मत देणाऱ्यांत फिनलंडचेही सदस्य होते. पुढचं तुम्ही समजून घ्या.

यातली गंमत वेगळीच आहे. चेष्टेतलं जे भाजलेलं मांस, तेच इंग्रजांनी छातीवर मिरवलं. आमचं जेवण म्हणजे हेच, बाकी सगळी फ्रेंच थेरं. दुसऱ्याने ठेवलेलं नाव स्वतःच लावून घेतलं.

आता आपल्याकडे या. खान्देशी म्हणजे तिखटजाळ, हे खरं तर किती जुनं? मिरची मुळात इथली नाही. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. नावसुद्धा मिरीवरून पडलेलं. ठेच्यातले शेंगदाणेही तिकडचेच. आपल्या काळ्या मसाल्यात भाजलेलं खोबरं लागतं, पण गिरणाकाठी नारळाच्या बागा कोणी पाहिल्यात? खोबरं बाजारातून येतं, पूर्वीही तसंच यायचं. फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर होती. तिथून एक वाट सुरतेकडे, दुसरी माळव्यात. आपली बट्टी माळव्याच्या बाटीची बहीण. लेवा, गुजर समाज आपली मुळं गुजरातेत सांगतात. म्हणजे आपलं ताट वाटेवरच्या गावाचं ताट आहे, जो आला तो काहीतरी ठेवून गेला.

आणि पुण्याचं? ज्याला आपण पुणेरी चव म्हणतो ती बरीचशी कोकणातून वर आलेली. १७१३ साली बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, ते मूळचे श्रीवर्धनचे. त्यांच्यामागे कोकणातली घरं देशावर आली आणि ओलं खोबरं, आमसूल, गूळ, भात घेऊन आली. त्यांच्या गोड्या मसाल्यात आणि आपल्या काळ्यात धणे, सुकं खोबरं, दगडफूल सारखंच. भाजणं आणि मिरची वेगळी.

मग फरक मोठा कधी झाला? माझ्या मते इंग्रजी राज्यात. १८१८ नंतर कचेऱ्या आल्या, शाळा आल्या, आणि पुण्या-कोकणातले शिकलेले लोक इकडे नोकरीला आले. पालगडचे साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये आले ते याच वाटेने. त्यांच्यासारखे इथल्या माणसांत मिसळून गेले, सगळेच नाही मिसळले. साहेबाच्या घरी भात-वरण-तूप आणि शिपायाच्या घरी भाकरी-ठेचा, असा तो फरक होता. ठेचा ही काही हौस नव्हती. कोरडी भाकरी घशाखाली उतरायला दुसरं कोरड्यास नसायचं, तेव्हा मीठ-मिरची कामाला यायची. गरिबीला चवीचं नाव मिळालं, एवढंच.

वर छापखाना त्यांच्या हातात. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' १९१० चं, मुंबईतलं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. दोन्ही पुस्तकं मोठीच, आमच्याही घरी 'रुचिरा' आहे, पानांना हळद लागलेली. पण छापलं गेलं ते 'महाराष्ट्रीय' ठरलं आणि जे आपल्या आयांच्या हातात होतं ते 'खान्देशी'.

इथपर्यंत दोष त्यांचा म्हणू. पुढचं आपलं आहे. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, खापरावर पुरणाचे मांडे होतात. हातांवर झेलत मोठा केलेला तो मांडा, सोबत आमरस. पुण्याच्या पुरणपोळीपेक्षा काय कमी गोड आहे? ज्वारीचे बिबडे, वर कच्चं तेल घेऊन खाल्लेली खिचडी, उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी, यांत जाळ कुठे आहे? भरीतच घ्या. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं, त्याची धुराची चव हीच खरी चव. मिरची असते, पण ती वांग्याला दाबत नाही. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते वांग्याला, तर्रीला नाही.

पण 'झणझणीत' या एका शब्दाखाली हे सगळं गेलंय. आता भडगाव-पाचोरा रस्त्यावरच्या ढाब्यावर बसा. शेवभाजी दर वर्षी जास्त लाल होतेय, कारण बाहेरचं गिऱ्हाईक तेच मागतं आणि घरचंही आता तेच मागायला लागलंय. भरीत गॅसवर भाजलेलं. मांडे करणाऱ्या बाया ऑर्डर घेतात खऱ्या, पण त्यांच्या मुली खापराला हात लावत नाहीत. त्यांना दोष कसा द्यायचा? चुलीपुढचा जाळ आणि धूर त्यांनी लहानपणापासून पाहिलाय.

यंदा आखाजीच्या आधी मला एवढंच लिहून कळवा. तुमच्या घरी कळणं अजून दळून आणतात का, आणि ज्वारीत उडीद किती टाकतात? घरोघरी माप वेगळं असतं. आलेली सगळी मापं गावाच्या नावासकट इथेच टाकीन.